ह्यांना ऊस देऊ नका

माझं नाव सुमन. माहेर शिरूर कासार तालुक्यातलं आणि सासरबी त्याच तालुक्यात, मधी एक डोंगर, डोंगराच्या अल्याड पाणी न्हाई आणि पल्याडबी न्हाई. तुमी लिहून घेणार म्हणता तर मी क्रमानं सांगते ताई, मला अधलंमधलं बोललेलं आवडत न्हाई, पण बोलता बोलता मी कुठं भरकटले तर मला मागं ओढा. आणि घड्याळाकडं माझं लक्ष राहील, त्याचा राग धरू नका, अकरा वाजता मला उठावं लागतं, ते कशापायी ते पुढं येईलच.

माझे वडील, दादा म्हणायचो आमी, गावच्या सोसायटीच्या गोदामावर राखणदार होते. सेक्रेटरी आठवड्यातून एकदा यायचा, बाकीचे दिवस गोदाम म्हणजे दादा, आणि दादांना अक्षर येत न्हवतं. मंग मी. चौथीत होते तवापासून शाळा सुटली की गोदामात जायचं, खताच्या गोण्या किती, पेंडीची पोती किती, बियाण्याच्या पिशव्या किती, फाटलेली कोणती, उंदरानं कुरतडलेली कोणती, सगळं मोजून वहीत लिहायचं. सेक्रेटरी म्हणायचा, राखणदाराची पोरगी माझ्यापेक्षा नीट लिहिती, उद्या माझ्या खुर्चीवर बसंल. दादा हसायचे न्हाईत, म्हणायचे, खुर्ची राहू द्या साहेब, तिला सातवीपर्यंत तेवढं शिकू द्या. सातवीपर्यंत शिकले. मंग दुष्काळ पडला, मोठा, गोदामात माल यायचा बंद झाला, तरी मी रोज जाऊन वहीत लिहायचे, गोण्या न्हाईत, पोती न्हाईत, पिशव्या न्हाईत. दादा म्हणायचे, रिकाम्या गोदामाचं काय लिहितीस बाई. पण मला तेव्हापासून ती खोडच लागली. लिहिलं की वाटतं, आपल्या ताब्यात हाय.

लग्न झालं आणि कोयता हातात आला. तुमाला माहीत असंल, आमच्याकडं नवराबायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. दिवाळी झाली की गाव रिकामं, म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी राहतात, बाकी सगळी पश्चिमेला कारखान्यांकडं. आमच्या भागातबी सहकारी कारखाना झाला होता, पण ऊसच न्हाई तर त्याचं धुराडं कुठलं पेटतंय, एक साल चाललं की दोन सालं बंद. म्हणून आमचं जाणं सुटलं न्हाई.

ह्यांचं नाव किसन. मवाळ माणूस. पहिल्या हंगामात मला ऊस सोलता यायचा न्हाई, ओठ कापायचा, तर हे फडाच्या कडेला बसायचे आणि बुडख्याकडचं कांडं तोडून, दातानं सोलून, कोयत्यानं त्याच्या बारक्या गंडेऱ्या करून माझ्या ताटलीत ठेवायचे, म्हणायचे, शेंड्याचा ऊस पोरं खातात, बुडख्याचा गोड असतो, तू हा खा. टोळीतल्या बाया मला चिडवायच्या, काय गं सुमन, भाकरीबी सोलून देतो का तुझा नवरा. मला लाज वाटायची. पण खायचे.

हळूहळू टोळीची सगळी बांधाबांध माझ्याकडं आली. आमचा मुकादम दगडूभाऊ, चुलत दीरच लागतो, तो म्हणायचा, वयनी, तू यादी वाच, मी माणसं मोजतो. पीठ, मीठ, चटणी, काडेपेटी, ताडपत्री, पाण्याच्या घागरी, कोणाच्या पोराला खोकला हाय, कोणती बाई पोटुशी हाय, सगळं माझ्या वहीत. माझ्या यादीवर गेलेली टोळी कधी काही विसरून मागं आली न्हाई. हे मी बढाई म्हणून सांगत न्हाई, हे सांगावंच लागतं, कारण पुढं जे झालं ते ह्याच्यामुळंच झालं. टोळीत माझा शब्द चालायचा. मी नको म्हणलं की कोणी करायचं न्हाई.

आमच्या विहारात एकदा तपासणीचं शिबिर झालं, त्यात ह्यांना शुगर निघाली. हे म्हणाले, माझ्या अंगात साखर निघाली का, मंग मला कारखान्यावरच घाला. सगळे हसले. मी हसले न्हाई, मी वही काढली. डॉक्टरीण बाई घाईत होत्या, मागं लाईन विहाराच्या पायऱ्यांपर्यंत गेलती. त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या, गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवायचं, आणि गोड टाळायचं. दोनच वाक्यं होती ताई. त्यातलं दुसरं मी मोठ्या अक्षरात लिहिलं आणि पहिलं बारीक. चक्कर आली, घाम सुटला तर काय करायचं, तेबी त्यांनी सांगितलं असंल, सांगितलंच असंल, पण माझ्या वहीत ते न्हाई, आणि माझ्या वहीत जे न्हाई ते माझ्यासाठी न्हवतंच.

घरी आल्यावर मी पुठ्ठ्यावर यादी केली. बंद म्हणून लिहिलं आणि खाली साखर, गूळ, ऊस, केळी, भात, बटाटा, लग्नातली बुंदी, चहा गोड. गुळाचा डबा शेजारणीकडं ठेवून आले. हे म्हणाले, आगं, मला एकदाचं माहेरी पाठव आणि तू सुखानं रहा. म्हणलं, तुमाला माहेर कुठलं, गप भाकरी खावा.

त्या साली दुष्काळ असा होता की दूध संघाची गाडी गावात यायची थांबली, जनावरं छावणीला गेली, आणि हंगामाला नेहमीपेक्षा जास्त कोयते निघाले, तवा काम मिळावं म्हणून सगळ्यांनीच अंगातल्या ताकदीच्या वर काम ओढायला सुरुवात केली. फडावर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी सगळ्या टोळीला कोप्यांपुढं, आमच्या पाचटाच्या झोपड्यांपुढं, बोलावलं आणि सांगितलं, ह्यांना शुगर हाय, ह्यांना ऊस द्यायचा न्हाई, एक कांडंबी न्हाई, मागितला तरी न्हाई, हातापाया पडले तरी न्हाई, जो देईल त्याचं माझं बोलणं बंद. कौसाबाई म्हणून आमच्या शेजारच्या कोपीत होती, माझ्या बहिणीसारखी, ती म्हणाली, आगं बाई, ऊसतोड्याला ऊस बंद, म्हणजे माशाला पाणी बंद. पुरुष माणसं ह्यांना बिनसाखरेचा म्हणायला लागली. ए बिनसाखरेच्या, मोळी उचल बे. हेबी हसायचे. आणि चोरून खायचे, तेबी मला माहीत, मी तोंडाचा वास घ्यायचे.

आता हे नीट लिहा. त्या हंगामात ह्यांना तीन-चारदा दुपारच्या आधी थरथर सुटली. हात कापायचे, अंग घामानं भिजायचं थंडीचं, चिडायचे, मवाळ माणूस एकदम शिवी द्यायचा. एकदा तसं झालं आणि मी येईस्तोवर बरे झाले. विचारलं, काय केलं. खाली मान घालून म्हणाले, कांडं खाल्लं एक, रागवू नको, पण आगं खाल्लं की लगेच बरं वाटतं, डोळ्यापुढचा अंधार जातो. आणि मी काय म्हणले असंल. मी म्हणले, दारुड्यालाबी दारू घेतली की बरं वाटतं. टोळीपुढं म्हणले. त्यांच्या अंगाला कळत होतं ताई, त्यांचं अंग मला सांगत होतं, आणि मी सातवी शिकलेली, मी त्यांना दारुडा म्हणले. तेव्हापासून त्यांनी चोरून खाणंबी सोडलं.

त्या दिवशी गोळ्या संपत आलत्या म्हणून मी तालुक्याच्या गावाला गेलते. जाताना सगळं करून गेले. पहाटे गोळी दिली, बिनसाखरेचा कोरा चहा दिला, दोन भाकरी आणि बेसन फडक्यात बांधून कौसाबाईच्या हवाली केलं, नऊ वाजता खायला घाल म्हणलं. नऊ वाजता कारखान्याचं ट्रॅक्टर आलं. फडावर असं असतं की वाहन उभं राहिलं की आधी भरायचं, मंग खायचं, कारण ते दुसऱ्या टोळीकडं गेलं तर दिवस फुकट. ही काही कोणाची दुष्टाई न्हाई, सगळ्या टोळ्या असंच करतात, मीबी इतकी वर्षं असंच केलंय. फडकं बांधावर राहिलं आणि हे डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरनं चढत राहिले.

पुढचं कौसाबाईनं मला सांगितलं, एकदा न्हाई, लईदा सांगितलं, ती रडायची आणि सांगायची. अकराच्या सुमाराला हे फळीवरनं उतरले आणि खालीच बसले. घामानं सदरा चिकटलेला. म्हणाले, एक कांडं द्या. कौसाबाई म्हणाली, भावजी, बाई काय म्हणून गेली, भाकरी खाऊ आता, एवढी खेप होऊ द्या. हे म्हणाले, एक कांडं द्या की. दगडूभाऊ वरनं ओरडला, बिनसाखरेच्या, ऊठ बे, नाटकं नको. मंग ह्यांनी स्वतःच मोळीतला ऊस ओढला. हातात ताकद न्हवती, ऊस सुटत न्हवता. तो सुटला आणि ह्यांनी तोंडाला लावला, तर दोघांनी मिळून तो काढून घेतला. माया म्हणून काढून घेतला ताई. मी सांगितलं होतं म्हणून काढून घेतला. ह्यांनी शिव्या दिल्या, वेडंवाकडं बोलायला लागले, सगळ्यांना वाटलं कुठनं तरी घेऊन आले, प्यायलेत. सावलीला झोपवलं, तोंडावर पाणी मारलं, कांदा फोडून नाकाला लावला. आणि वाहन भरलं.

मी आले तेव्हा एक वाजून गेलता. ह्यांच्या घशातनं घोरल्यासारखा आवाज येत होता. हाक मारली, डोळे अर्धे उघडे पण बघत न्हवते. चारी बाजूंनी ऊस उभा होता, तोडलेला ऊस पडला होता, पाचटावर चालताना पायाला त्याचा चिकटा लागत होता. आणि मी काय केलं सांगू का, हे मी कोणाला सांगत न्हाई पण तुमी लिहा. मला वाटलं शुगर वाढली. मी पिशवीतनं नवी गोळी काढली आणि त्यांच्या तोंडात घातली. ती पोटात गेली न्हाई, गालाच्या कडेनं बाहेर आली. मी परत घातली.

दवाखान्यात नेईस्तोवर अजून वेळ गेला. डॉक्टर तरुण होता, त्यानं बोटाला टोचलं आणि ओरडलाच, अहो ह्यांची साखर संपलीय, कोण हाय ह्यांच्यासोबत. सलाईन लावलं, शिरेतनं साखर भरली. मंग कागद भरायला लागला, विचारलं, कुठं काम करतात. दगडूभाऊ म्हणाला, ऊसतोड. डॉक्टर म्हणाला, कुठं पडले. दगडूभाऊ म्हणाला, फडात. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. म्हणाला, उसाच्या फडात पडले आणि एकानंबी एक कांडं दिलं न्हाई का हो. कौसाबाई माझ्याकडं बघायला लागली, दगडूभाऊ भुईकडं. मी म्हणले, मी सांगितलं होतं.

तो डॉक्टर रागावला न्हाई, रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं मला बसवून सगळं सांगितलं. गोळी साखर खाली आणती, पोटात भाकरी नसली आणि अंग राबत असलं की ती फार खाली जाती. घाम, थरथर, चिडचिड, डोळ्यापुढं अंधार, ही साखर उतरल्याची खूण, तवा लगेच गोड द्यायचं, गूळ, साखर, ऊस, जे हाताला लागंल ते, आणि माणूस सावरला की वर भाकरी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं न्हाई, सरळ दवाखाना. मी सगळं लिहून घेतलं. मोठ्या अक्षरात लिहिलं सगळं. शुद्ध आली पाच दिवसांनी, पण माणूस आला न्हाई. डॉक्टर म्हणाला, मेंदू लई वेळ उपाशी राहिला.

आता हे समोर बसलेत ते तुमी बघताच. चालतात, बसतात, कपडे घालून दिले की राहतात. माझं नाव येत न्हाई. पोरगी रेखा, परळीकडं धर्मापुरीला दिलीय, ती आली की तिला नमस्कार करतात, बाहेरच्या बाईला करावा तसा. ती दारातनं आत येईस्तोवर रडती. आणि भूक कळत न्हाई, हे सगळ्यात वाईट. अंगाला जे कळत होतं ते आता अंगालाबी कळत न्हाई. शुगर हायच, वर मूत्रपिंडं अधू झालीत, डॉक्टरनं गोळी बदलली, कमी केली, तरी साखर खाली जाती, जरा वेळ चुकली की जाती. म्हणून ते खाणं माझ्या हातात. ही यादी बघा भिंतीवर. सहाला चहासंगं अर्धी भाकरी, गोळी घास तोंडात गेल्यावरच. साडेआठला भाकरी, मटकीचं न्हाईतर हुलग्याचं कालवण. अकराला थोडं काहीतरी, मूठभर शेंगदाणे, न्हाईतर ताक. दोनला जेवण, पाचला फुटाणे, आठला जेवण, निजताना कपभर दूध. एकदम पोटभर न्हाई, थोडं थोडं पण वेळेवर. सदऱ्याच्या खिशात गुळाचे खडे, ते कायम, सदरा धुवायला टाकला तरी आधी खिसा रिकामा करून दुसऱ्यात घालते. शेजारपाजारी सगळ्यांना सांगून ठेवलंय, घाम दिसला की गूळ द्या, मला विचारायला येऊ नका.

दिसायला यादी चांगली हाय. डॉक्टरनं बघितली तवा म्हणाला, आजी, तुमी नर्स व्हायला पाहिजे होतं. पण ताई, बारकाईनं बघा, निम्म्यावर रेघ मारलीय. दूध संघाचं केंद्र परत बंद पडलं, गावात म्हशी राहिल्यात कुठं, ताकबी गेलं त्याच्यासंगं. शेंगदाणे ह्या साली उगवलेच न्हाईत. हुलगे कौसाबाईनं पाठवले तेवढे हायत. टँकर चार दिवसाला येतो, त्याच्या लाईनीत उभी राहिले तर भाकरीची वेळ चुकती, भाकरी केली तर टँकर जातो. कामाला जावं तर तीन तासांच्या आत कोणतं काम संपतंय. टोळी ह्या साली गेली, त्याआधी दगडूभाऊ येऊन गेला, उंबऱ्यातच उभा राहिला, म्हणाला, वयनी, यादी करून देतीस का. मला नेणार न्हाई, अर्ध्या कोयत्याला कोण नेतंय. करून दिली. सगळ्यात वर लिहिलं, गूळ, दर माणसाच्या खिशात. त्यानं वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली.

मला रात्रंदिवस एकच लागलंय, मी आधी गेले तर. रेखाची सासू बरी हाय पण तिच्या घरात सात माणसं, दर तीन तासाला कोण उठंल. मी पडले, आजारी पडले, टँकरपाशी चक्कर येऊन पडले, तर ह्यांना भूक लागली हे कोणाला कळणार, त्यांनाच कळत न्हाई. वहीचं एक पान त्याच्यासाठी कोरं ठेवलंय, वर लिहिलंय, माझ्यामागं, आणि खाली काही न्हाई. गोदामासारखं.

तुमी चांगल्या हाताच्या दिसता, हे जिथं छापाल तिथं छापा, तुमचं भलं होवो. वाचणाऱ्या बायांना सांगा, काळजी घ्या, पण माणूस सांगतंय ते ऐका, वही बाजूला ठेवून ऐका.

थांबा, अकरा झाले. आता बघा, ह्याच वेळेला ते बोलतात, दिवसात एवढं एकदाच. कोणीबी समोर असू दे.

ऐकलं ना. एक कांडं द्या, म्हणाले. इथं ऊस कुठला, ह्या तालुक्यात सध्या हिरवं कांडं बघायला मिळणार न्हाई. मी गूळ देते. आता घेतील, पण लगेच खायचे न्हाईत. मुठीत झाकतात, दाराकडं बघतात, मंग माझ्याकडं वाकून हळूच सांगतात. ऐका.

आमच्या बाईला सांगू नका, ती रागावती.

न्हाई सांगत. खावा तुमी.